काडी आणि कळी

फुलदाणीला दांडा लागतो. गजऱ्याला, हाराला, तोरणाला लागत नाही. मुंबईत फुलांची सजावट करणाऱ्याने इथली, हंगामातली फुले वापरायची ठरवली की त्याची पहिली गाठ या साध्या गोष्टीशी पडते. दादरच्या बाजारात माल सरळ दोन भागांत पडतो. एकीकडे सुटी फुले: झेंडू, मोगरा, शेवंती, सोनचाफा, जास्वंद, तगर, निशिगंधाच्या कळ्या. ती किलोवर, शेकड्यावर किंवा पाटीवर विकली जातात. दुसरीकडे काडीचा माल: गुलाब विसाच्या जुडीत, जरबेरा दहाच्या, शिवाय कार्नेशन, ऑर्किड, लिली. सुटी फुले बहुतेक मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर पिकतात. काडीचा माल मावळच्या पॉलिहाऊसमधून येतो, बंगळूरहून येतो, आणि काही तर थायलंड-हॉलंडहून विमानाने उतरतो.

म्हणून ‘इथलेच फूल वापरा’ हे सांगायला सोपे आणि करायला अवघड. आपल्याकडच्या शेतकऱ्याने फूल पिकवले ते देवाच्या माथ्यावर, वेणीत आणि दारावर जाण्यासाठी. दांड्याची त्याला कधी गरजच पडली नाही. तो फूल बोंडापाशी खुडतो आणि पाटीत टाकतो. आपण टेबलावरच्या फुलदाणीची रीत बाहेरून घेतली, आणि मग तिच्यात मावेल असे फूल शोधत बंगळूरपर्यंत गेलो. मला वाटते, सजावटकाराने आधी भांडे बदलावे. पितळी घंगाळ, पसरट परात, काशाचे वाडगे, तांब्याचे ताम्हण ही बिनदांड्याच्या फुलांची भांडी घराघरांत पडून आहेत आणि त्यांच्यात दोन बोटे पाणी पुरते.

माझगावात बसून हा धंदा करणाऱ्याला एक गोष्ट आयती मिळते: वर्षभर पुरणारी गिऱ्हाइके. हिंदू लग्ने चातुर्मासात थांबतात, आणि दक्षिण मुंबईतले पुष्कळ सजावटकार आषाढ ते कार्तिक हात चोळत बसतात. माझगावात तसे होत नाही. इथल्या म्हातारपाखाडीतली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे चाळीसा (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि नाताळाआधीचे आठवडे टाळतात, पण पावसाळ्यात लग्न लावायला त्यांची हरकत नसते. मुसलमान घरांचे निषिद्ध महिने चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे निकाहाची तारीख कुठल्याही ऋतूत पडू शकते. घोडपदेव, लालबागकडे भाद्रपदात गणपती. सप्टेंबरात मारियामातेचे सण. २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, शिवडीच्या दफनभूमीत थडग्यांवर झेंडू आणि मेणबत्त्या. (ही दफनभूमी आधी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. १८६० च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डने ती दफनासाठी घेतली. माणसांना पुरण्यासाठी बाग घेतली आणि आता त्या बागेत बाहेरून फुले आणावी लागतात, हा मुंबईचा खास हिशेब.) माझगावच्या सजावटकाराला म्हणूनच बाराही महिन्यांची फुले ओळखावी लागतात, नुसत्या लग्नसराईच्या फुलांवर भागत नाही.

आता बाजार. दादर स्टेशनच्या पश्चिमेला, सेनापती बापट मार्गालगतची मीनाताई ठाकरे फूल मंडई आणि पुलाखाली, पदपथावर तिच्याभोवती पसरलेला व्यापार पहाटे चारच्या सुमाराला रंगात येतो. हा बाजार नेमका दादरलाच का वाढला, याचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग इथे भेटतात. वसई-विरार-पालघरची फुले पश्चिमेच्या पहिल्या गाड्यांनी लगेजच्या डब्यातून येतात. कर्जत आणि कसाऱ्याकडच्या ठाकर, कातकरी बायका मध्य मार्गाने पत्री, दूर्वा, पळसाची पाने, आंब्याचे टहाळे घेऊन येतात. पुणे, सातारा, नाशिक, अहिल्यानगरचा झेंडू आणि शेवंती रात्रीच्या ट्रक-टेम्पोने पोहोचते. जवळच प्रभादेवीला सिद्धिविनायक आहे, म्हणजे गिऱ्हाईकही हाताशी. भुलेश्वरची फूलगल्ली जुनी आणि देवळांच्या गर्दीतली, हार गुंफून घ्यायला उत्तम; पण शेतातून आलेला माल आणि तो आणणारा माणूस एकत्र भेटण्याची शक्यता दादरला जास्त.

आणि ती भेट हीच खरी खरेदी. गाळ्यावर ‘केवढ्याला?’ विचारण्याआधी ‘कुठला माल?’ आणि ‘आजचा तोडा का कालचा?’ हे दोन प्रश्न विचारावेत. व्यापारी खरे सांगेलच असे नाही, पण फूल सांगते. पोत्यात दाबून आलेला झेंडू आतून गरम लागतो. हात घालून पाहावा. गरम झालेला माल दुपारपर्यंत पाकळ्या सोडतो. शेवंतीची मागची, बोंडाजवळची पाकळी तपकिरी पडली असेल तर वरचा ताजेपणा पाण्याच्या शिडकाव्याचा समजावा. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते. खालच्या दोन-तीन कळ्या उघडलेल्या आणि बाकी घट्ट अशी काडी घ्यावी. अर्धी उमललेली दिसायला भरघोस, पण तिचे निम्मे आयुष्य गाळ्यावरच संपलेले असते.

वसईचा उल्लेख केल्याशिवाय मुंबईच्या फुलांचा हिशेब पुरा होत नाही. वसई रोड दादरपासून रेल्वेने चाळीसेक किलोमीटर. सोपारा, निर्मळ, आगाशी, अर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांत केळी आणि भाजीच्या जोडीने मोगरा, सोनचाफा, जास्वंद आणि तगर होते. जास्वंदीचा तिथला व्यवहार मजेदार आहे: फूल नव्हे, कळी विकायची. ती दुसऱ्या सकाळी उमलते, एक दिवस टिकते आणि संपते. पाण्यात ठेवा किंवा न ठेवा, तिला फरक पडत नाही. सजावटकाराच्या दृष्टीने हा दोष नसून देणगी आहे. जिथे पाणी पोहोचवता येत नाही, म्हणजे पानाच्या द्रोणात, चौकटीवर, जेवणाच्या टेबलावर थेट कापडाजवळ, तिथे जास्वंद निर्धास्त ठेवावी. दिवस मावळला की ती आपण होऊन मिटते. सोनचाफ्याचे तसे नाही. त्याला बोटांचा स्पर्श लागला की पाकळी काळवंडते, म्हणून तो देठाला धरूनच हाताळायचा आणि सगळ्यात शेवटी मांडायचा.

पालघरमध्ये आणखी आत, जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या डोंगराळ भागात मोगरा अलीकडच्या काही दशकांत रुजला. बाएफसारख्या ग्रामविकास संस्थांनी आंबा-काजूच्या वाड्यांबरोबर तो आदिवासी कुटुंबांना लावायला दिला. भात निघाल्यावर वीटभट्टीवर किंवा शहरात कामाला जाणे हा त्या भागाचा जुना रिवाज. मोगऱ्याचा बहर नेमका त्याच रिकाम्या महिन्यांत येतो, होळीच्या आसपासपासून पावसापर्यंत, आणि कळ्या रोज खुडाव्या लागतात. काही गुंठ्यांवरचा मोगरा घराला गावात धरून ठेवतो. गजऱ्याला भाव देताना घासाघीस करण्याआधी एवढे आठवले तरी पुरे.

मोगऱ्याचे वेळापत्रक ज्याला कळले त्याचे अर्धे काम झाले. कळी पूर्ण भरलेली पण मिटलेली असताना पहाटे खुडतात. ती त्याच संध्याकाळी उमलते आणि तेव्हाच खरा वास सुटतो. सकाळच्या मुहूर्ताला मोगरा मोत्यासारखा, पांढरा आणि जवळजवळ बिनवासाचा. रात्रीच्या स्वागत समारंभाला तोच फुललेला आणि घमघमणारा. दोन्ही प्रसंगांना एकाच दिवशी आलेला माल चालतो, फक्त कुठे काय दिसेल हे आधी ठरवावे लागते. ओल्या मलमलमध्ये गुंडाळून, केळीच्या पानात बांधून, थंड जागी ठेवला तर उमलणे काही तास लांबवता येते. वातानुकूलित सभागृहात मात्र कोरडी हवा त्याच्या कडा तांबूस करते. तिथे मोगऱ्याच्या माळा सोडायच्याच असतील तर पाहुणे यायच्या तासभर आधी, त्याहून लवकर नको.

इथे एक शंका रास्त आहे. स्थानिक म्हणजे देशी का? तसे धरले तर फारच थोडे हाती उरेल. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिथलाच. देवळाच्या आवारात आपल्याला इतका आपला वाटणारा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा आणि गुलबक्षीही अमेरिका खंडातलीच. सोळाव्या शतकानंतर पोर्तुगीजांच्या समुद्री व्यापाराने अशी कितीतरी झाडे या किनाऱ्यावर आली. माझगाव स्वतः त्याच इतिहासाचा तुकडा आहे: १५७२ मध्ये पोर्तुगालच्या राजाने हे बेट डिसोझा घराण्याला वंशपरंपरेने दिले होते. आज म्हातारपाखाडीतल्या क्रूसावर जी झेंडूची माळ असते ती आणि दसऱ्याला शेजारच्या चाळीच्या दारावर जी असते ती, दोन्ही एकाच परदेशी झाडाची. मी ‘स्थानिक’ची व्याख्या वनस्पतीच्या जन्मगावावरून करत नाही. ते उघड्या रानात, या हवेत पिकले का, आणि खुडल्यापासून एका दिवसात माझ्या हातात आले का, एवढेच पाहते.

हंगामाची खूण पटवायला बाजारापेक्षा राणीची बाग बरी. माझगावहून चालत जाता येते. १८६२ मध्ये उघडलेल्या या बागेतले एक पानही तोडायचे नसते, पण झाडे पंचांगासारखी वाचता येतात. बहावा पिवळा झाला की वैशाखाच्या लग्नांचा रंग ठरला. ताम्हण, म्हणजे आपले राज्यफूल, जांभळे झाले की पाऊस फार लांब नाही आणि मोगऱ्याचा भाव लवकरच हलणार. फेब्रुवारीत बागेत पालिकेचे फुला-झाडांचे प्रदर्शन भरते. डेलिया आणि पिटूनियाची गर्दी पाहून मुंबईत हिवाळा असतो यावर विश्वास बसतो.

चैत्र-वैशाखात मोगरा, आणि कोकणातून कोणी आणली तर सुरंगी. सिंधुदुर्गात फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मोजके दिवस फुलणाऱ्या या फुलाचा गजरा सुकल्यावरही वास देतो. पावसात जाई-जुई, अनंत, आणि ओढ्याकाठचा सोनटक्का. सोनटक्क्याकडे सजावटकारांनी अजून नीट पाहिलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. त्याला लांब, सरळ दांडा आहे, रुंद हिरवी पाने आहेत, एकामागून एक उमलणाऱ्या कळ्या आहेत. ज्या पांढऱ्या, सुवासिक काडीसाठी आपण परदेशी लिली मागवतो, ती भाद्रपदात बाजारात पाटीत पडलेली असते. त्याच महिन्यात तेरडा येतो, गौरीबरोबर. कुर्डू, केवडा, हळदीची पाने आणि कमळाच्या कळ्या येतात. तोडलेली कमळकळी आपण होऊन सहसा उमलत नाही. तिच्या पाकळ्या बाहेरून आत एकेक हलक्या हाताने दुमडाव्या लागतात, आणि हे काम थाई देवळांतल्या बायका ज्या सफाईने करतात ते पाहण्यासारखे असते.

आश्विनात झेंडू. लावणीनंतर साधारण दोन महिन्यांत फुलणारे हे पीक शेतकरी दसऱ्यावर नेम धरून लावतो. नेम लागला तर पैसा. परतीचा पाऊस आला तर फूल डागी होते आणि सगळ्यांचा नेम एकदम लागला तर भाव कोसळतो. दसऱ्याच्या दुपारी न विकलेले ढीग रस्त्यावर टाकून शेतकरी परत जातात, हे मुंबईकराने डोळ्यांनी पाहिलेले आहे. सजावटकार इथे खरा उपयोगी पडू शकतो. आदल्या महिन्यात ठराविक किलोंची बोली करून थोडी उचल द्यावी. भाव चढला तरी आणि पडला तरी दोघांनी ठरलेला पाळावा. शिवाय एक मागणे मागावे. हंगाम संपल्यावर शेतकरी झेंडूचे झाड उपटणारच असतो. त्या शेवटच्या तोड्याच्या वेळी फूल न खुडता हातभर फांदी कापून दे, म्हणावे. खालची पाने काढून स्वच्छ पाण्यात ठेवलेली झेंडूची काडी आठवडाभर सहज उभी राहते. इतकी वर्षे ती आपल्याला मिळाली नाही, कारण कोणी मागितलीच नाही.

मार्गशीर्षात शेवंती आणि अ‍ॅस्टर. शेवंती लांब रात्रींवर फुलते. दिवस आखूड झाल्याशिवाय तिला कळी धरत नाही. म्हणून तिचा नैसर्गिक बहर दिवाळीनंतरचा. आता शेतात रात्री दिवे लावून बहर पुढे ढकलतात, आणि उन्हाळ्यातही शेवंती मिळते. पण झिप्रीसारख्या जुन्या वाणाची थंडीतली पाटी हातात घेतल्यावर फरक सांगावा लागत नाही. मे महिन्यात एखाद्या वधूच्या आईने मोबाइलवरचा फोटो पुढे केला की मी म्हणते, “काकू, हे डिसेंबरातलं लग्न आहे. तुमच्या तारखेला मोगरा आहे, आणि तो यांच्याकडे नव्हता.” बहुतेक काकूंना हे पटते. न पटणाऱ्यांसाठी जरबेरा आहेच.

पाश्चात्त्य देशांत स्थानिक, हंगामी फुलांचा हा विचार चळवळ म्हणून आला. अमेरिकेत डेब्रा प्रिन्झिंग यांनी २०१३ च्या पुस्तकातून ‘स्लो फ्लॉवर्स’ हे नाव रूढ केले. त्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय कोबीची पाने आणि कुंपणावरचे वेल श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मांडत होती. १९५३ च्या राज्याभिषेकाच्या फुलांचे काम तिच्याकडे होते. आपल्याकडे चळवळीची गरज पडली नाही, कारण व्रतवैकल्यांनी हंगाम सांभाळला. हरतालिकेला अमुक पत्री, गौरीला तेरडा, दसऱ्याला भाताच्या लोंब्या, मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेणी. ती मागणी दरवर्षी त्याच तिथीला येते म्हणून ते झाड कोणीतरी लावतो किंवा रानात राखतो. सजावटीच्या धंद्याने मात्र हा धागा तोडला, कारण त्याला बाराही महिने तेच गुलाबी गुलाब हवे होते. आता तर प्लॅस्टिकची फुले. त्यांच्यावर बंदी घालावी ही मागणी २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेली. बंदीने काय साधेल ते साधो, पण सजावटकाराच्या गोदामातल्या धुऊन पुन्हा वापरायच्या माळा ही आमच्याच आळसाची साठवण आहे.

हाच आळस हिरव्या स्पंजाच्या विटेत आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्सच्या कंपनीने काढलेला हा फोम पाणी शोषतो, काडी घट्ट धरतो आणि काम निम्म्या वेळात करतो. तो कुजत नाही. चुरा होऊन गटारात जातो. त्याला पर्याय शोधायला फार लांब जायला नको. केळीच्या खांबाचे हातभर तुकडे घ्यावेत. आतल्या पापुद्र्यांत पाणी भरलेले असते, आडव्या तुकड्याला टोच्याने भोके पाडली की शेवंती, निशिगंध, अ‍ॅस्टर दिवसभर ताजे राहतात, आणि समारंभानंतर सगळे खतात. मोठ्या घंगाळात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी चुरगाळून बसवावी. ती वर्षानुवर्षे टिकते.

रानातल्या फुलांबद्दल मात्र मी कडक आहे. कास पठाराचे फोटो दाखवून ‘तसेच काहीतरी’ मागणारे वाढले आहेत. तिथे फूल तोडायला मनाई आहे आणि ती योग्य आहे. झाडावरून ओरबाडलेली सीतेची वेणी, हे रानातले ऑर्किड, विकायला आली तरी घेऊ नये. एकाने घेतली की पुढच्या वर्षी दहा फांद्या उतरतात. कर्जतच्या बायकांकडून पाने-पत्री घेताना मुळासकट उपटलेली जुडी बाजूला ठेवावी आणि कापलेल्या जुडीला दोन रुपये जास्त द्यावेत. त्यांना कारण सांगायची गरज नसते, त्या आपल्यापेक्षा आधीपासून जाणतात. प्रश्न फक्त घाईचा आणि भावाचा असतो.

शेवटी कागदपत्र. हंगामी काम करणाऱ्याने कोटेशनमध्ये फुलांची नावे न लिहिता रंग, वास, उंची आणि जागा लिहावी: ‘प्रवेशद्वार, पिवळे-केशरी, सुवासिक, दोन हात उंच.’ खाली एक ओळ: त्या दिवशीच्या तोड्यानुसार फूल बदलेल. ही ओळ वाचून सही करणारे गिऱ्हाईक पहाटे साडेचारला फोन करून भांडत नाही. आदल्या रात्री घाटात ट्रक अडकला, वसईला पाऊस झाला, शेवंती आलीच नाही, तर अ‍ॅस्टर आहे, अ‍ॅस्टर नसेल तर तगरीच्या कळ्यांच्या माळा आहेत, आणि आंब्याचे टहाळे तर कुठल्याही दिवशी असतात. बिलात वसई-पालघरच्या मालाची रक्कम वेगळी दाखवावी. गिऱ्हाईक ती वाचते, पुढच्या वेळी स्वतःहून विचारते, आणि उचल कोणी द्यायची हा प्रश्न मग एकट्या सजावटकाराचा राहत नाही.